अंगणातली चार चाकं

गाडी विकून टाकू, असं मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

सर म्हणजे माझे पती. कारंज्याच्या एका हायस्कूलमध्ये ते गणित शिकवत. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून लग्नानंतर मीही सरच म्हणू लागले. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. त्यांची शाळा तिकडे, माझी नोकरी इकडे, त्यामुळे आमचा बराचसा संसार शनिवार-रविवारीच झाला. ते निवृत्त झाले आणि आम्ही पहिल्यांदा बारा महिने एका छपराखाली राहू लागलो. त्याच वर्षी त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. सकाळच्या ड्युटीला मला सोडायचे आणि दुपारी गेटजवळच्या झाडाखाली गाडी लावून पेपर वाचत बसायचे. मी आले की आधी दिवसभराच्या बातम्या सांगायचे, मग गाडी सुरू करायचे. बोलायची त्यांना मोठी हौस.

पावसाळा सरता सरता त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखाना वेळेवर मिळाला, जीव वाचला, काही आठवड्यांनी काठीच्या आधाराने चालूही लागले. पण उजवा हात तसाच राहिला, आणि तोंडात एकच शब्द उरला. खडू. पाणी हवं असलं तरी खडू, पंखा बंद करायचा असला तरी खडू. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं. म्हणून हळूहळू त्यांनी तो शब्दही बोलणं सोडलं.

मी इतकी वर्षं वॉर्डात असे पेशंट पाहिले होते. त्यांच्या घरच्यांना मी सांगायचे, धीर धरा, शब्द येतात परत. घरी ते वाक्य माझ्याच तोंडातून निघेना. मी लांब रजा टाकली. एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. तिने रबरी चेंडू आणला, मुलांच्या खेळण्यातली माती आणली, कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. सर चेंडू हातात घेत आणि सोडून देत. ज्या माणसाने हजारो मुलांना गणित शिकवलं, त्याने चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे, हे त्यांना सहन होत नव्हतं. ती मुलगी रागवायची नाही. उद्या येते सर, म्हणून निघून जायची.

गाडी टिनाच्या शेडखाली उभी होती आणि सर दिवसभर वऱ्हांड्यातल्या खुर्चीतून तिच्याकडे बघत बसायचे. ते बघणं मला बघवेना. म्हणून विकायचं ठरवलं. तळेगावला माझे दीर राहतात, त्यांनी एक गिऱ्हाईक पाठवलं. नवराबायको होते, कारंज्याजवळ हायवेवर त्यांचा ढाबा होता. नवऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं, गाडी सुरू करून पाहिली, आणि मग खाली वाकून चाकांकडे बोट दाखवलं.

"बाकी सगळं चांगलं आहे वहिनी," तो म्हणाला. "पन चाकं पाहा ना. तळ्यातून काढल्यावानी दिसते."

त्याचं खोटं नव्हतं. गाडीला अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती, अलॉय म्हणतात ती. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेली. वरचा पारदर्शक लेप पापुद्र्यासारखा सुटला होता, खाली पांढुरके डाग पडले होते आणि ब्रेकची काळी भुकटी कोपऱ्यांत बसली होती. विचार करून सांगतो म्हणून ते गेले. मला उगीचच लागलं ते. सर दर रविवारी ती गाडी स्वतः धूत असत, आणि त्यांच्यासमोर कुणी असं बोलावं?

मी मनात म्हटलं, चाकंच ना, चकचकीत करून दाखवते. अ‍ॅल्युमिनियमची पातेली आयुष्यभर घासलीच आहेत की.

तिथेच चुकलं. पातेल्याचा हिशेब मी चाकाला लावला. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड घेऊन एका चाकावर टाकलं आणि तारेच्या घासणीने घासलं. धुऊन पाहिलं तर डाग तसेच, आणि वर पांढरे ढग उमटलेले. घासणीचे ओरखडे तर बोटालाही लागत होते. सर खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या वर्गात फळ्यावर कुणी चुकीचं गणित मांडलं की ते असेच डोळे मिटत असावेत.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापल्या अंगणात चाकं घासत बसलेली. भाषा समजली नाही तरी हात समजत होते. आधी चाक साबणाने स्वच्छ धुवायचं. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश कागद, तो खरखरीत असेल तिथून सुरू करायचा आणि बारीक बारीक करत जायचा. शेवटी धातूचं पॉलिश लावून सुती कापडाने पुसायचं. वर्ध्याच्या रंगाच्या दुकानातून मी सगळ्या नंबरांचे कागद आणले. दुकानदाराने विचारलं, घरी सुतारकाम चाललंय का? मी हो म्हटलं.

चाक गाडीवरून काढायचं कसं, हे काही मला येत नव्हतं. शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना हाक मारली. त्यांनी दोन विटा आणून दुसऱ्या चाकांना लावल्या, नट ढिले केले, जॅक चढवला, चाक काढून त्या जागी स्टेपनी बसवली.

"काढून देतो बाई," ते म्हणाले. "एक झालं का दुसरं काढू. पन ते चमकवाचं मले काई समजत नाई."

सगळ्या वस्तीत ते कुणालाच समजत नव्हतं. त्याचं मला बरं वाटलं.

अंगणात घमेलं, पाण्याची बादली आणि समोर चाक घेऊन मी पाटावर बसले. थंडीचे दिवस सुरू झाले होते, ऊन अंगावर घ्यावंसं वाटायचं. टायरला चिकटपट्टी लावली आणि घासायला लागले. करडं पाणी निघू लागलं. आधीचा लेप जायलाच कितीतरी वेळ लागला. दुपारपर्यंत खांदे भरून आले. मधले दोन-तीन कागद मला सारखेच वाटले, हाताला फारसा फरक लागत नव्हता, म्हणून ते बाजूला ठेवले आणि एकदम बारीक कागद घेतला. संध्याकाळी पॉलिश लावून पुसलं तर चाक झळकलं. मी चाक उभं करून सरांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बघते तर चमक होती, आणि चमकेच्या आत कंगव्याने ओढल्यासारख्या रेघाच रेघा. संध्याकाळच्या उजेडात त्या दिसल्या नव्हत्या. मी चाक तसंच खाली टेकवलं.

तेव्हा सर उठले. काठी टेकत पायरी उतरले आणि वऱ्हांड्याच्या कठड्याशी आले. कठड्यावर मी कागद वाळत टाकले होते. "खडू," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी बोलले. मी कोणता कागद हवा म्हणून एकेक उचलून दाखवला. ते मान हलवत राहिले, त्यांना रागही येऊ लागला. शेवटी त्यांनी स्वतःच डाव्या हाताने कागद उलटे करायला सुरुवात केली. मागच्या बाजूला नंबर छापलेले असतात. एकेक नंबर बघत त्यांनी सगळे कागद कठड्यावर ओळीने मांडले, लहान नंबरापासून मोठ्या नंबरापर्यंत, एकही न चुकता. मग मी बाजूला ठेवले होते त्या मधल्या कागदांवर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पायऱ्या गाळल्या होत्या. आधीच्या कागदाने पाडलेल्या रेघा पुढच्या कागदाने पूर्ण घालवायच्या, मगच त्याच्या पुढे जायचं, हे त्यांना खुर्चीत बसून कळलं होतं. पण त्या क्षणी चाकाचं मला काही नव्हतं. आकडे त्यांच्याकडे होते, एवढंच मला दिसत होतं. बोलता येत नव्हतं तरी आकडे शाबूत होते. मी तोंड धुवायच्या निमित्ताने आत गेले आणि थोडी रडून आले.

बाहेर आले तर ते माझ्या पाटावर बसायचा प्रयत्न करत होते. त्यांना खुर्ची आणून दिली. आमच्या अंगणात कपडे धुवायचा ओटा आहे, काकांना बोलावून चाक त्याच्यावर आडवं ठेवलं. मी स्पंजच्या तुकड्याला कागद गुंडाळला, त्यांच्या उजव्या हातात दिला, आणि वरून माझा हात ठेवला. आम्ही दोघं मिळून तो हात पुढे नेऊ लागलो आणि मागे आणू लागलो. खरं तर सगळं मीच करत होते. पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. फाटकाशी थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, आधी व्यायाम. ती जवळ आली, सरांच्या कोपराखाली तिने एक उशी सरकवली, चाक थोडं अलीकडे ओढलं.

"सर, हेच करा," ती म्हणाली. "दमायच्या आधी थांबायचं, एवढं फक्त ऐका माझं."

मला तिने हळूच सांगितलं की बोटांना अजून पुरती जाणीव नाही, कागदाने कातडी सोलली तरी त्यांना कळणार नाही. म्हणून मी त्यांना दवाखान्यातले असतात तसे हातमोजे घालू लागले आणि मधूनमधून काढून बोटं तपासू लागले. त्या मुलीने तिचे चेंडू आणि चिमटे पिशवीत भरून परत नेले. आपलं शिकलेलं असं गुमान पिशवीत भरणं सगळ्यांना जमत नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मग तो आमचा दिनक्रमच झाला. सकाळचं आवरलं, ऊन ओट्यावर आलं, की आम्ही बसायचो. पहिलं चाक पुन्हा पहिल्यापासून घासलं, या वेळी एकही कागद न गाळता. एका कागदाने आडवं घासायचं, पुढच्याने उभं, म्हणजे मागच्या रेघा राहिल्या तर लगेच दिसतात. पुढचा कागद घेण्याआधी पाणी बदलायचं, नाहीतर आधीची कचकच त्यात राहते आणि नव्या रेघा पडतात. हे सगळं चुकत चुकत कळलं. कागद बदलायची वेळ झाली का, हे सर ठरवायचे. ते चाक तिरपं करायला खूण करायचे, उन्हात निरखायचे, आणि बहुतेक वेळा मान नकारार्थी हलवायचे. कडक परीक्षक होते.

पॉलिशला कापड हवं म्हणून मी माझ्या युनिफॉर्मच्या जुन्या पांढऱ्या सुती साड्या फाडल्या. पॉलिश घासलं की कापड काळंकुट्ट होतं. तो काळा रंग निघतो म्हणजे काम होतंय, असं व्हिडिओत दाखवलं होतं. एका रविवारी विहारातून परतताना वस्तीतल्या बायका सरांना बघायला आल्या. भेटायला येणारी माणसं तेव्हा दबक्या आवाजात बोलत, सरांकडे न बघता मला विचारत, जेवतात का, झोपतात का. त्या दिवशी सर ओट्याशी होते. बायका उभ्या राहिल्या, मग एकीने विचारलं, हे काय करून राह्यले? मी सांगितलं. तिने पदर खोचला आणि कापडाचा एक तुकडा उचलला. बघता बघता चौघीजणी चाकाभोवती बसल्या. एकमेकींचे काळे हात बघून हसल्या. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी मोठ्याने हसत होतं. सर मध्ये बसले होते आणि कुणाचा कोपरा राहिला ते बोटाने दाखवत होते.

त्याच आठवड्यात पाणी बदलायचं मी विसरले तेव्हा ते म्हणाले, "पानी." मी बादलीकडे गेले, आणि अर्ध्या वाटेत मला उमगलं की त्यांनी खडू म्हटलं नाही. मी वळून काही बोलले नाही. बोलले तर शब्द बुजून पळून जाईल, अशी भीती वाटली. पाणी बदलून आणलं.

सगळेच दिवस असे नव्हते. तिसऱ्या चाकाच्या वेळी त्यांचा हात बराच सुधारला होता, मी वरचा माझा हात काढून घेतला होता. चाकाच्या आऱ्यांमधल्या खाचेत त्यांना कागद घालायचा होता आणि बोटं वळत नव्हती. पुन्हा पुन्हा कागद निसटायचा. शेवटी त्यांनी डाव्या हाताने पॉलिशचा डबा भिरकावला. डबा शेडच्या खांबावर आपटून फुटला, पांढरं पॉलिश जमिनीवर पसरलं. ते उजव्या हाताकडे बघत रडायला लागले. आमच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मले... येत नाई."

पूर्ण वाक्य होतं ते. लकव्यानंतरचं पहिलं.

मी म्हटलं, "मले तरी कुठं येते? आपण दोघंही नवीनच आहो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. माझी नखं काळी झाली होती, एका बोटाला पट्टी होती, आणि त्या पहिल्या अ‍ॅसिडच्या दिवसापासून मी काय काय बिघडवलं होतं ते त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. ते हसले. उजवीकडचा ओठ तेव्हा नीट उचलला जात नव्हता, तरी हसले. मी माती न लागलेलं वरवरचं पॉलिश चमच्याने भरून घेतलं आणि आम्ही त्याच खाचेपासून पुन्हा सुरुवात केली. खाचेसाठी मी एका काडीला कागद गुंडाळून दिला, तो त्यांना धरता आला.

चौथं चाक त्यांनी एकट्याने केलं. मी फक्त पाणी बदलत होते आणि भाजी निवडत होते. त्याला बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त दिवस लागले, आणि ते बाकीच्यांइतकं झालंही नाही. उन्हात पाहिलं तर एका बाजूला बारीक रेघा दिसायच्या. सरांनी ते चाक तिरपं करून निरखलं, आणि या वेळी मान होकारार्थी हलवली. काकांनी चारही चाकं बसवून दिली, नट आवळले, आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, आता गाडीच जुनी वाटून राह्यली.

ढाब्याचे नवराबायको पुन्हा आले. मी त्यांना फोन करून सांगितलं होतं की एकदा येऊन पाहा. तो माणूस पहिल्या चाकाशीच उकिडवा बसला. त्याच्या बायकोने चौथ्या चाकावरून हात फिरवला. कुठल्या दुकानात करून आणलं, त्याने मला विचारलं. मी सरांकडे पाहिलं.

"घरी," सर म्हणाले. मग थांबले. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते. मी पुढचं वाक्य त्यांच्यासाठी बोलून टाकणारच होते, पण तो माणूस सरांकडेच बघत थांबला. मला त्याने विचारलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. "ते," सर चौथ्या चाकाकडे बोट करून म्हणाले, "मी केलं."

"याले वेळ लागला असंल सर," तो म्हणाला.

"लागला," सर म्हणाले.

गाडी द्यायची वेळ आली तसं माझं मन मागे हटलं. आता कशाला विकायची, असं वाटायला लागलं. गाडी चालवायला मीच शिकले तर? मी सरांना बाजूला नेऊन विचारलं, ठेवायची का? त्यांनी गाडीकडे पाहिलं, आणि त्यांचं उत्तर तयारच होतं.

"देऊन टाक. उभी राहून खराब होते."

मग त्यांनी त्या माणसाला जवळ बसवलं आणि चाकांची निगा सांगितली. वरचा लेप आता नाही, त्यामुळे धातू उघडा आहे. अ‍ॅसिड लावायचं नाही. महिन्यातून एकदा पॉलिश, वरून मेण. धड बोलणाऱ्याला जे पटकन सांगता आलं असतं, ते सांगायला सरांना खूप वेळ लागला. काही शब्द आलेच नाहीत, तिथे त्यांनी हाताने करून दाखवलं, उजव्या हाताने. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत बसला. मधे एकदाही त्याने त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही. सर पुन्हा कुणाला तरी काहीतरी शिकवत होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि गाळता गाळता थांबून ऐकत होते. त्या माणसाने गाडी घेतली, हा व्यवहार झाला. पण असं बसून ऐकलं, ते त्याने आम्हाला फुकट दिलं.

त्या नवराबायकोची संत्र्यांची बाग आहे. जाताना बायकोने त्यांच्या स्कूटरच्या डिकीतून संत्र्यांची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

त्याला आता बरेच महिने झाले. सरांना अजून काही शब्द अडतात, थकले की जास्त अडतात. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात. जेवण उजव्या हाताने, वेळ लागतो पण जेवतात. संध्याकाळी काकांच्या ओसरीवर जाऊन बसतात. मला ड्युटीवर जायला आता रिक्षा आहे.

मी वॉर्डात परत रुजू झाले. लकव्याच्या पेशंटचे घरचे अजूनही विचारतात, सिस्टर, हात येईल का वो परत? कुणाचा येईल आणि कुणाचा नाही, ते मला आजही सांगता येत नाही. व्यायाम सोडू नका, हे मी सांगतेच. पण आता त्यांच्याजवळ थोडा जास्त वेळ बसते आणि विचारते, घरी कोणतं काम पडून आहे? परवा आर्वीकडची एक म्हातारी आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. तिने विचार करून सांगितलं, खाटेची सुतळी सैल झाली आहे, मले ते विणता येत नाई. मी म्हटलं, मग दोघं मिळून विणा. वॉर्डातल्या कॉटवरच्या म्हाताऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.